पाणी कुठपर्यंत

भुकूम
रविवार, २ फेब्रुवारी २०२५

शांतवन,

सलाम. हे पत्र उघडशील की नाही ते मला माहीत नाही. वास्कोचा पत्ता अपेक्षाने दिला. मीच तिच्या मागे लागले होते, तेव्हा बायकोवर रागावू नकोस.

पप्पा गेल्याचा मेसेज मी तुला अकरा जानेवारीला सकाळीच केला होता. दोन निळ्या खुणा दहा मिनिटांत आल्या. दुसऱ्या दिवशी दफन होतं. कबरस्तानात मी दोनदा फाटकाकडे जाऊन आले. लोकांना वाटलं मला चक्कर येते आहे, म्हणून कोणीतरी खुर्ची आणून दिली. तू आला नाहीस. ठीक आहे.

लिहायचं कारण वेगळं आहे. तेवीस तारखेला चर्चच्या मंडळीने स्मरणसभा ठेवली आहे. पप्पांनी एक्केचाळीस वर्षं या मंडळीचं पाळकपण केलं आणि निवृत्तीनंतरही सात वर्षं कोणी बोलावलं की काठी टेकत जात होते, तेव्हा सभा मोठी होणार. जीवनवृत्तांत मी वाचायचा आहे. आपल्या मंडळीचे सेक्रेटरी कैलासदादा एक छापील कागद देऊन गेलेत, पुस्तिकेसाठी. जन्म, शिक्षण, दीक्षा, विवाह. मधे एक ओळ: बाप्तिस्मा कधी, कोठे, कोणाच्या हस्ते. बाकी सगळं भरलं. तेवढी ओळ कोरी आहे.

तुला काही आठवत असेल तर कळव. त्यांच्याबद्दल एखादी चांगली गोष्ट. तुझ्याकडेही एखादी असेलच.

शेवटचे दिवस शांततेत गेले. न्यूमोनिया झाला होता, फार त्रास झाला नाही.

ताई


गुरुवार, ६ फेब्रुवारी

शांतवन,

पहिलं पत्र टाकून घरी आले आणि तेव्हापासून एका जागी बसवत नाही. शाळेतून मुदतीआधी निवृत्ती घेतली तेव्हा वाटलं होतं, आता निवांत वाचत बसेन. आता भांडी घासलेली पुन्हा घासते. चर्चच्या मागे नवीन इमारतीचा पाया खणतायत, दिवसभर यंत्र धडधडतं, आणि ते थांबलं की जास्तच अस्वस्थ होतं.

मी लिहिलं होतं की शेवटचे दिवस शांततेत गेले. ते खरं नाही. त्याबद्दल लिहीन, पण आज नाही.

आज वृत्तांत लिहायला बसले होते. काय लिहू? ते सायकलवरून ताम्हिणीपर्यंतच्या वाड्यांवर जायचे, हे सगळ्यांना माहीत आहे. पौडच्या हाफीजभाईंची साबेराभाभी आजारी होती तेव्हा पप्पा बावीस दिवस दवाखान्याच्या बाकावर झोपले, आणि प्रार्थना करू का, असं आधी विचारून मगच करायचे. तेही माहीत आहे. गाता गळा अजिबात नव्हता, तरी पहिलं कडवं तेच उचलायचे आणि सगळ्या मंडळीला घेऊन भलत्याच पट्टीत जायचे. हे लिहिलं तर लोक हसतील, आणि हसले तर मला आवडेल. पण मधेच हात थांबतो.

तुला अलिबागची सहल आठवते? आपण दोघं लाटांत, आई साडी खोचून गुडघाभर पाण्यात, आणि पप्पा बूट-मोजे घालून वाळूवर. आई म्हणाली, "अहो, पाय तरी भिजवा." ते म्हणाले, "कोणीतरी चपला राखायला नको?"

आणि तो नदीवरचा दिवस. शहाण्णवचा. तो तर माझ्या डोळ्यांसमोरून हलतच नाही. पौडच्या पुढचा मुळेचा डोह. पप्पा कमरेएवढ्या पाण्यात, पांढरा झगा भोवती पसरलेला. काठावर सगळी मंडळी गात होती. तू रांगेत सातवा होतास. पांढरा शर्ट आईने शिवला होता, बाही जराशी आखूड झाली होती. पप्पांनी तुझा दंड धरला आणि सगळ्यांना विचारायचे तसंच तुला विचारलं, "प्रभूवर तुझा मनापासून विश्वास आहे का?"

तू म्हणालास, "नाही पप्पा. अजून नाही. खोटं सांगू का?"

काठावर मी आईचा हात घट्ट धरला होता. पप्पांनी तुझा दंड सोडला. मग एवढंच म्हणाले, "मग बाहेर हो."

त्यानंतर अकरा महिने ते तुझ्याशी एक शब्द बोलले नाहीत आणि तू गोव्याला निघून गेलास. पुढे आईच्या दफनाला आलास, तेव्हा बोलले ते इतकंच: "गाडी किती वाजता आहे?"

तेव्हा मला वाटायचं, पाळकाच्या मुलाने भर मंडळीत नकार दिला, म्हणून ते रागावलेत. तुलाही तसंच वाटत असेल. ते तसं नव्हतं.

ताई


बुधवार, १२ फेब्रुवारी

शांतवन,

कैलासदादा काल पुन्हा येऊन गेले. "ताई, एक ओळ राहिली. छापखाना थांबलाय." म्हटलं, आठवत नाही. ते म्हणाले, जुन्या फायलीत बघून मीच भरतो.

मला आठवतंय. म्हणूनच लिहिता येत नाही.

गेल्या सप्टेंबरात आम्ही दोघं मागच्या ओट्यावर शेंगा फोडत बसलो होतो. पप्पांचे हात थांबले. म्हणाले, "रिबका, माझा बाप्तिस्मा झालेला नाही."

मला वाटलं, वयामुळे काहीतरी बरळतायत. म्हटलं, "पप्पा, एकसष्ट साली झालाय. गोदावरीत. तुम्हीच सांगता."

"मीच सांगतो. झालेला नाही."

मग त्यांनी सगळं सांगितलं, सलग, जणू पाठ केलेलं. त्यांचं मूळ घर शेवगावकडचं आणि मंडळी वेगळी. तिथे तान्ह्या मुलाच्या कपाळावर पाणी शिंपडतात. तेवढं त्यांचं झालं होतं; आपल्याकडे ते धरत नाहीत. नऊ वर्षांचे असताना थोरल्या भावाबरोबर गोदावरीवर गेले होते. भाऊ पोहायला उतरला आणि वर आलाच नाही. पप्पा त्याचे कपडे हातात धरून संध्याकाळपर्यंत काठावर उभे होते. त्यानंतर त्यांनी कधी पाण्यात डोकं घातलं नाही. अंघोळीला तांब्या खांद्यावरून घ्यायचे, तोंड ओल्या पंचाने पुसायचे. आपण त्याला त्यांची सवय म्हणायचो.

आपल्या मंडळीत आले, शिकले, शहात्तर साली पाळकपदाची दीक्षा होती. समितीने विचारलं, तुम्ही स्वतः बुडून बाप्तिस्मा घेतलाय ना? "मी हो म्हणालो," ते म्हणाले. "एक शब्द होता, रिबका. वाटलं, पुढच्या उन्हाळ्यात कुठेतरी लांब जाऊन गुपचूप उरकून घेऊ. मग पुढचा उन्हाळा. मग तुझा जन्म झालेला, शांतवन होणार होता. मग लोक माझ्याकडे बाप्तिस्म्याला यायला लागले."

साडेतीनशेहून जास्त माणसं त्यांनी पाण्याखाली घालून वर काढली, शांतवन. कमरेच्या वर पाण्यात ते स्वतः कधी गेले नाहीत.

माझ्या बाप्तिस्म्याच्या दिवशी माझ्या दंडावर त्यांच्या बोटांचे निळे वळ उठले होते. आठवडाभर मी ते मैत्रिणींना कौतुकाने दाखवत होते. माझ्या वडिलांनी मला किती घट्ट धरलं होतं, म्हणून.

मी चिडले. शेंगांचं सूप उलटं झालं. म्हटलं, "मग आमचं काय? ते सगळं खोटं का?"

"तुमचं खरं आहे. तुम्ही खरं बोलून पाण्यात उतरलात. माझं नाही."

मी म्हटलं, पुण्याहून कोणी ओळखीचे पाळक आणू, दार लावून घेऊ, कोणाला कळायचं नाही. ते हसले. "पुन्हा लपूनच?" मग म्हणाले, "शांतवनला बोलव. त्याने मला पाण्यात न्यावं."

"तो तर मानत नाही काही."

"त्या दिवशी त्या नदीत खरं बोलणारा तो एकटाच होता. मी त्याला बाहेर काढलं. त्याच्याकडे बघणं मला झेपलं नाही, रिबका. ना तेव्हा, ना तुझी आई गेली तेव्हा."

हे त्यांचे शब्द आहेत. मी काही घातलेलं नाही आणि काही वगळलेलं नाही.

आता तू विचारशील, मग मला बोलावलं का नाहीस.

ताई


सोमवार, १७ फेब्रुवारी

शांतवन,

चार दिवस हे पत्र लिहिते आणि फाडते. आता एका दमात लिहिते.

तुझा नंबर माझ्याकडे होता. कोरोनात अपेक्षाने "सगळे बरे आहात ना" म्हणून मेसेज केला होता, तेव्हाच तिने तुझा नंबर दिला होता. पप्पा रोज विचारायचे, लागला का फोन? मी म्हणायचे, उचलत नाही. एकदा म्हणाले, "माझ्यासमोर लाव." मी त्यांच्यासमोर लावला आणि त्यांच्या कानाला दिला. तो तुझा नंबर नव्हता. माझाच जुना, बंद झालेला नंबर होता. पलीकडून बाई सांगत होती, हा क्रमांक अस्तित्वात नाही. पप्पांनी पूर्ण ऐकलं. दोनदा ऐकलं. मग फोन माझ्या हातात देऊन म्हणाले, "त्याने बदलला असेल. त्याचा दोष नाही."

मंडळीची अब्रू जाईल म्हणून मी तसं केलं, असं मी स्वतःला सांगत होते. आधीच अर्धी माणसं हिंजवडीच्या मोठ्या प्रार्थनाघरात जायला लागलीयत, ही बातमी फुटली तर उरलेली जातील. ते कारण होतं. पण खरं कारण दुसरंच होतं. तू गेलास तेव्हापासून अठ्ठावीस वर्षं मी त्यांच्या भाकऱ्या केल्या. आलेली दोन स्थळं परतवली. त्यांचे डोळे अधू झाले तेव्हा रोज शास्त्र वाचून दाखवलं. आणि आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट मागायची वेळ आली तेव्हा त्यांना तू हवा होतास. मी समोर बसले होते. "तू चल" असं ते मला म्हणाले नाहीत.

म्हणाले असते तर मी गेले असते का, ते मला माहीत नाही.

इथे थांबणार होते. पण परवा हाफीजभाई आले. पौडातलं हार्डवेअरचं दुकान आता त्यांचा रईस बघतो. भाई सत्तरीच्या पुढचे, तरी छोटा टेम्पो स्वतःच चालवतात. चहा पुढे ठेवला तो तसाच गार झाला.

"रिबकाताई," ते म्हणाले, "येक गोष्ट हाय. म्या साहेबांना शब्द दिला व्हता, कुनाला बोलनार न्हाई म्हून. पर मला आता आन्न ग्वाड लागंना."

एकोणीस डिसेंबरला मी पेन्शनच्या कामाला पुण्यात गेले होते. पप्पांनी भाईंना बोलावून घेतलं.

"मला म्हनले, हाफीज, धरनाकडं चल. मला वाटलं, मानूस घरात बसून कंटाळलंय, हवा खायाची आसंल. तितं फुगवट्याच्या कडंला गाडी लावली. तर बसून बूट काडाय लागले. म्या म्हनलं, साहेब, गारठा लई हाय. म्हनले, तू फकस्त हात धर, बाकी काय करू नको. म्या धरला. ताई, म्या त्यांचा धर्म न्हाई जानत, पर त्ये काय कराय आलेत त्ये मला कळलं. लई येळ उभं व्हते. व्हट हालत व्हते. मंग म्हनले, न्हाई जमत रं हाफीज. मागं घे."

"मला का नाही सांगितलंत?" मी ओरडले.

"त्ये म्हनले, रिबकाला सांगू नगं, तिला वाईट वाटंल."

त्या दिवशी मी घरी आले तेव्हा त्यांचा लेंगा आणि सदरा दोरीवर वाळत होते. म्हणाले, न्हाणीतला नळ उडाला. मी नळ बघितला. नळ धड होता. मी काही विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी ताप भरला, आणि मग तो उतरलाच नाही.

म्हणजे शांतवन, मी खरा नंबर फिरवला असता तर ते तुझ्याबरोबर ऑक्टोबरातल्या उन्हात गेले असते. ऐंशी वर्षांचा माणूस डिसेंबरात सत्तरीच्या म्हाताऱ्याचा हात धरून पाण्यात उतरला नसता. तू काय समजायचं ते समज.

रिबका


सोमवार, २४ फेब्रुवारी

शांतवन,

काल सभा झाली. तुझं काहीच उत्तर नाही, तरी सांगते, कारण आता सांगायला दुसरं कोणी उरलं नाही.

चर्च भरलं होतं. बाहेर मांडव घातला होता, तोही भरला. पौड, सूस, पार वरच्या वाड्यांवरनं माणसं आली होती, आपली आणि बाहेरचीही. हाफीजभाई आणि रईस शेवटच्या बाकावर होते. माझ्या हातात पुस्तिका दिली. वर पप्पांचा फोटो आणि आत छापलेलं: बाप्तिस्मा, गोदावरी नदी, १९६१.

मी वृत्तांत वाचला. सायकल वाचली, भलत्या पट्टीतलं गाणं वाचलं. लोक हसले. मग मी कागद खाली ठेवला आणि म्हटलं, "पुस्तिकेत एक चूक आहे. ती पप्पांनी स्वतः मला सांगितली होती."

आणि सगळं सांगितलं. भाऊ, काठावरचे कपडे, शहात्तरची समिती. तुझं नाव घेतलं. फोनचं पण सांगितलं. मधे थांबले नाही. थांबले असते तर पुन्हा कधी बोलता आलं नसतं.

कैलासदादा पुढे आले. "ताई, तुम्ही दुःखात आहात. बसा आता." मांडवातून कोणीतरी ओरडलं, "म्हणजे आमचा बाप्तिस्मा धरायचा का नाही?" मग एकच गलका. एक बाई रडायला लागली. दोन कुटुंबं उठून निघाली. नवे पाळक, तरुण आहेत बिचारे, माइक धरून नुसते उभे.

तेवढ्यात सगुणाबाई उठल्या. गेणबा शेतकऱ्याची सून, अठ्ठ्याऐंशी साली एकटी येऊन बाप्तिस्मा घेतला होता त्यांनी, आठवतात का तुला? आता पार वाकल्यात. माइक घेतला नाही.

"मला ह्यातलं काय कळत न्हाई," त्या म्हणाल्या. "मी पान्यात शिरताना लटलट कापत व्हते. तवा पाळकसाब माज्या कानात म्हनले, बाई, मलाबी लई भ्या वाटतंय. मला वाटलं, माजी समजूत काडत्यात. आज कळलं, त्ये खरंच सांगत व्हते."

आणि बसल्या. गलका थांबला असं नाही. पण कमी झाला. शेवटचं गीत म्हटलं तेव्हा निम्मी माणसं होती.

आज सकाळी कमिटीचं पत्र आलं. पाळकांचं घर नव्या पाळकांसाठी एप्रिलअखेर मोकळं करावं. भाषा चांगली आहे. मी सूसला खोली बघते आहे. कैलासदादा रस्त्यात दिसले, त्यांनी मान वळवली. मला काही वाटलं नाही असं नाही.

ताई


रविवार, १६ मार्च

शांतवन,

बुधवारी सकाळी तुझा फोन आला तेव्हा मी पुस्तकं खोक्यात भरत होते. स्क्रीनवर तुझं नाव बघून हातातलं पुस्तक खाली ठेवलं. माझ्या मनात सगळी उत्तरं तयार होती. तू शिव्या देशील, रडशील, का केलंस म्हणून विचारशील. तू यातलं काही केलं नाहीस. तू विचारलंस, "ताई, पाणी कुठपर्यंत आलं होतं?"

मी म्हटलं, मला माहीत नाही.

तू म्हणालास, "विचार. आणि लिहून कळव. फोनवर नको."

काल हाफीजभाईंबरोबर गेले. त्यांनी टेम्पो तिथेच लावला. उतार आहे, मुरूम आहे, खाली लाल माती. भाई म्हणाले, डिसेंबरापासनं पाणी बरंच मागं हटलंय, पर ही बाभूळ वळखीची हाय. पावलं मोजत खाली गेले, थांबले. "हितं. पर तवा पानी पार वरच्या त्या दगडापत्तूर व्हतं."

मी विचारलं, "भाई, त्यांच्या अंगावर कुठपर्यंत?"

त्यांनी हात उचलला आणि स्वतःच्या बरगडीवर ठेवला. मग मान हलवली, हात वर सरकवला. "न्हाई, थांबा. पयल्यांदा हितं." मग आणखी वर, गळपट्टीच्या हाडापाशी. "मंग हितपत्तूर. तितनं फुडं येक पाऊल टाकलं आसतं तर..." आणि त्यांनी पाण्याकडे पाठ केली.

कंबर नाही, शांतवन. छाती पण नाही. गळपट्टी. एक्केचाळीस वर्षं जो माणूस कमरेच्या पुढे गेला नाही, तो ऐंशीव्या वर्षी, डिसेंबरात, गळ्यापर्यंत गेला होता.

मग मी भाईंना म्हटलं, दावं आहे का गाडीत? त्यांनी दोरखंड काढला, एक टोक बाभळीला बांधलं, एक माझ्या कमरेला. मी साडी खोचली आणि उतरले. आत्ताच्या काठापासून पुढे, जिथे पाणी माझ्या गळपट्टीला लागेल तिथपर्यंत. पायाखाली चिखल सरकतो. पाणी वरती कोमट आणि खाली बर्फासारखं. कानात नुसतं स्वतःचं धडधडणं. तिथे उभी राहिले आणि त्यांना काय वाटलं असेल ते शोधायचा प्रयत्न केला. काही सापडलं नाही. मला पाण्याची भीती नाही. मला दुसऱ्याच गोष्टींची आहे.

बाहेर आले तेव्हा भाईंनी स्वतःचं उपरणं माझ्या खांद्यावर टाकलं आणि म्हणाले, "शांतवनला म्हनावं, मे लागायच्या आत यावं. मंग हितनं पानी पार आटतं, शेतं उघडी पडत्यात. मंग जागा दावायची कशी?"

तू विचारलंस ते कळवलं. येशील की नाही ते मी विचारत नाही. येशील तर माझ्याशी बोलावं लागेल असंही नाही. हाफीजभाईंचा नंबर खाली लिहिते आहे. ते तुला तिथे नेतील.

या वेळी नंबर दोनदा तपासला आहे.

ताई